एक दिवसाचा पाहुणा

पाहणे ही क्रिया नीतीच्या कक्षेत येते काय? खोटे बोलणे, दुसऱ्याचे हिरावून घेणे, दारी आलेल्या भुकेल्याला परत पाठवणे यांविषयी आपल्या मनात संदेह नसतो. पण एखादे परके गाव डोळे भरून पाहून येणे, यात बरे-वाईट ते काय असणार? पाहणाऱ्याने कुणाचे काही नेलेले नसते, कुणाला काही दिलेलेही नसते. सकाळी निघाला, गाव पाहिले, दिवेलागणीला परत आला. इतक्या निरुपद्रवी गोष्टीला धर्माधर्माच्या तराजूत घालणे काहींना अतिरेकाचे वाटेल. तरीही हा प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो, कारण आज आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांतले कुणी ना कुणी परमुलखात आहे. कुणी आखातात, कुणी कॅनडात, कुणी आफ्रिकेतील शाळेत शिकवीत आहे, कुणी इस्पितळात रुग्णसेवा करीत आहे. आठवड्याची सुटी आली की ही मंडळी आसपासचा प्रदेश पाहायला बाहेर पडतात. तो एक दिवस कसा घालवावा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

परदेशी शिकवायला गेलेल्या माणसाची स्थिती थोडी विलक्षण असते. पर्यटक येतो आणि जातो. स्थायिक झालेला माणूस हळूहळू तिथलाच होतो. शिक्षक या दोहोंच्या मध्ये उभा असतो. वर्गात तो जाणता असतो. मुले त्याच्या शब्दासाठी वही उघडून बसलेली असतात. तोच माणूस वर्गाबाहेर पडला की बाजारात केळ्यांचा भावही त्याला विद्यार्थ्याकडूनच विचारून घ्यावा लागतो. वर्गातला जाणतेपणा रस्त्यावर गळून पडावा, ही खरे तर देवाची दयाच. परंतु तो गळून पडू नये म्हणून आपण धडपडतो. एका दिवसात एक गाव पाहून येतो आणि दुसऱ्या दिवशी त्या गावाविषयी, त्या देशाविषयी, तिथल्या माणसांच्या स्वभावाविषयी ठाम मते सांगू लागतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी ज्ञानाच्या इच्छेचा विचार करताना दोन वृत्ती वेगळ्या केल्या आहेत. एकीला लॅटिनमध्ये ‘स्टुडिओसितास’ म्हणतात. आपण तिला अभ्यासवृत्ती म्हणू. दुसरी ‘क्युरिओसितास’, म्हणजे निव्वळ चाळा म्हणून जाणून घेण्याची हाव. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, या दोहोंची चर्चा त्यांनी संयम या सद्‌गुणाच्या प्रकरणात केली आहे. खाण्यापिण्याला जसा संयम हवा तसा जाणण्याच्या भुकेलाही हवा, असा त्याचा अर्थ. त्यांच्या कितीतरी आधी संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात डोळ्यांच्या वासनेविषयी लिहिले आहे. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहून अंगावर काटा येतो हे ठाऊक असूनही माणसे ते पाहायला धावतात, असे उदाहरण त्यांनी दिले आहे. पाहण्याची इच्छा वाईट नाही. मात्र पाहिलेल्या गोष्टीशी आपला काही संबंध जोडायची तयारी नसेल, तर ती इच्छा दुसऱ्याच्या दुःखावरही पोसली जाऊ शकते.

हा तात्त्विक भेद एका प्रत्यक्ष जागेवर तपासून पाहू. काही वर्षांपूर्वी टांझानियात, दारेसलाम शहराजवळच्या एका गुरुविद्यालयात मला दोन सत्रे नीतिशास्त्र शिकविण्याची संधी मिळाली. तेथून उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या काठी बागामोयो नावाचे जुने बंदर आहे. समोर समुद्रापलीकडे झांझिबार बेट. एका शनिवारी आम्ही भाड्याची छोटी बस करून तेथे गेलो. बरोबर बाराएक विद्यार्थी होते. त्यांच्यातील बहुतेक देशाच्या अंतर्भागातून आलेले होते आणि त्यांनीही हे गाव पूर्वी पाहिलेले नव्हते. म्हणजे त्या दिवशी आम्ही सगळेच पाहुणे होतो.

बागामोयो या नावापासूनच विचाराला सुरुवात होते. स्वाहिली भाषेत ‘ब्वागा’ म्हणजे खाली टाकणे आणि ‘मोयो’ म्हणजे हृदय. या नावाचे दोन अर्थ सांगितले जातात. पहिला अर्थ हमालांचा. टांगानिका सरोवराच्या काठावरील उजीजीपासून टबोरामार्गे सुमारे १२०० किलोमीटर पायपीट करून, खांद्यावर हस्तिदंत वाहून आणलेला हमाल समुद्र दिसताच म्हणे, आता मनावरचा भार उतरव, प्रवास संपला. दुसरा अर्थ गुलामांचा. त्याच वाटेने गळ्यात जोखड घालून आणलेला बंदिवान समुद्र दिसताच म्हणे, आता हृदय इथेच टाक, पुढे होडी आहे आणि परतीची वाट नाही. एकच नाव, एकच किनारा; एकाचा विसावा आणि दुसऱ्याचा सर्वनाश. यांतला खरा अर्थ कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

येथे एक दिवसाच्या पाहुण्याची पहिली परीक्षा होते. वाटाड्या गुलामांचा अर्थ सांगतो, कारण तो ऐकणाऱ्याच्या काळजाला भिडतो आणि काळजाला भिडलेली गोष्ट लोक घरी घेऊन जातात. ती खोटी नाही. या वाटेवर गुलामांचा व्यापार झाला यात शंका नाही. परंतु इतिहासकार आणखीही सांगतात. या वाटेने चाललेल्यांत मजुरीवर काम करणारे, आपल्या कसबाचा अभिमान बाळगणारे न्यामवेझी हमाल फार मोठ्या संख्येने होते. गुलामांची निर्यात बागामोयोपेक्षा दक्षिणेकडील किलवा बंदरातून अधिक झाली. म्हणजे त्या वाटेवरच्या प्रत्येक काळ्या माणसाच्या गळ्यात साखळी होती असे आपण धरून चाललो, तर कष्टाची भाकरी खाणाऱ्या हजारो स्वतंत्र माणसांना आपण आपल्या कल्पनेत गुलाम करतो. दया दाखवतानाही माणसाची प्रतिष्ठा हिरावून घेता येते. दोन्ही अर्थ मनात एकत्र वागवण्याइतका धीर एका दिवसात येत नाही. म्हणून एक दिवसाच्या पाहुण्याने निवाडा देण्याची घाई करू नये, हा या प्रश्नातला पहिला धडा.

गावात पाहण्यासारखे बरेच आहे. काफिल्यांच्या मुक्कामाची जागा आहे. जर्मन पूर्व आफ्रिकेची राजधानी १८९१ साली दारेसलामला हलण्यापूर्वी येथे होती, तिच्या खुणा आहेत. मध्य आफ्रिकेतील गुलाम व हस्तिदंत व्यापाराचा हा सारा मार्ग टांझानियाने २००६ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत नोंदविला आहे. आम्हा ख्रिस्ती माणसांची पावले मात्र आपोआप मिशनकडे वळतात. पवित्र आत्म्याच्या संघाचे फ्रेंच मिशनरी झांझिबारहून मार्च १८६८ मध्ये येथे आले आणि पूर्व आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील या मिशनची त्यांनी पायाभरणी केली. ते जेथे उतरले तेथे समुद्रकाठी एक क्रूस उभा आहे. आंब्यांच्या जुन्या झाडांमधून मिशनकडे वाट जाते. आवारात एक अवाढव्य गोरखचिंच आहे. तिच्या बुंध्याभोवती कुणी गाढव बांधायला साखळी घातली, ती काढायची राहून गेली आणि झाडाने वाढता वाढता ती गिळून टाकली, असे सांगतात. साखळीचा थोडासा भाग अजून सालीबाहेर दिसतो.

जवळच मिशनऱ्यांची दफनभूमी आहे. तेथील बरेच जण हिवतापाने ऐन तारुण्यात गेलेले. एवढ्या दूर येऊन, भाषा शिकून होते न होते तोच मातीत गेलेल्या या तरुणांपुढे डोके लवते. या मिशनऱ्यांनी झांझिबारच्या बाजारातून पैसे देऊन गुलाम सोडवले, त्यांत विशेषतः मुले होती. त्यांच्यासाठी येथे त्यांनी स्वतंत्र झालेल्यांचे ख्रिस्ती गाव वसवले, शेती-बागायत उभी केली, शाळा आणि कर्मशाळा चालवल्या.

नीतिशास्त्राच्या वर्गात जो प्रश्न कागदावर राहतो तो येथे मातीतून वर येतो. गुलाम विकत घेऊन मुक्त करणे योग्य की अयोग्य? विकणाऱ्याच्या हातात पैसा पडतो आणि तो पैसा पुढच्या धाडीला उपयोगी पडू शकतो. पण समोर उभ्या असलेल्या मुलाला त्याचे काय? बाजाराची चिकित्सा होईपर्यंत ते होडीत चढवले जाईल. शिवाय अभ्यासकांनी हेही दाखवून दिले आहे की, सोडवलेल्या मुलांना मिशनमध्ये कडक शिस्तीत राहावे, राबावे लागे आणि त्यांच्यातील काही तेथून पळूनही गेली. ज्याला मुक्त केले त्याने आपण आखलेल्या चौकटीतच मुक्त राहावे, असा आग्रह धरता येतो काय?

आमच्या विद्यार्थ्यांत यावर त्या गोरखचिंचेखाली बराच वाद झाला. एक म्हणाला, त्या मुलांना पर्यायच नव्हता, तेव्हा तिला मुक्ती म्हणू नये. दुसरा म्हणाला, जी मुले जगली त्यांच्या नातवंडांना जाऊन विचार. माझे मत असे की, दुष्ट व्यवस्थेच्या आत केलेले सत्कृत्य सत्कृत्यच असते, परंतु त्या व्यवस्थेची धूळ त्याच्या अंगाला लागल्यावाचून राहत नाही. ती धूळ दाखवणे म्हणजे त्या मिशनऱ्यांचा उपमर्द करणे नव्हे. जे लोक प्राण द्यायला तयार होते, त्यांच्याविषयी खरे बोललेले त्यांना सोसेल, असा विश्वास आपण ठेवला पाहिजे.

त्याच दुपारी एका विद्यार्थ्याने बोलता बोलता दोन गोष्टी काढल्या. तो टबोराकडचा होता. तो म्हणाला, “फादर, आमच्या घरात एवढेच सांगतात की आजोबांचे आजोबा या वाटेने समुद्राकडे गेले. त्यांच्या खांद्यावर ओझे होते, की तेच कुणाचे ओझे होते, की ते काफिल्याचे राखणदार होते, ते कुणी सांगत नाही.” थोडे थांबून त्याने गावातल्या जुन्या, नक्षीदार दरवाज्यांच्या दुकानघरांकडे बोट दाखवले आणि अगदी सहज म्हणाला, “ही घरे वाहिंदींची.” वाहिंदी म्हणजे हिंदी लोक, आपण भारतीय.

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. पण इतिहासाचे पुस्तक उघडले की त्या शब्दाचे वजन कळते. कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता अनेक दशके होता. काफिल्यांना लागणारे भांडवल, कापड, मणी यांचा पुरवठा मोठ्या प्रमाणावर हिंदी व्यापारी करीत. हस्तिदंत मुंबईला येई. काही पुढे युरोपला जाई, काहीचे चुडे होऊन आपल्याकडील नववधूंच्या हातांत जात. १८६० च्या सुमारास झांझिबारमधील ब्रिटिश प्रतिनिधी रिग्बी याने हिंदी प्रजाजनांकडील हजारो गुलाम मुक्त केले. म्हणजे तेवढे ते त्यांच्या घरांत आणि मळ्यांत होते. भाषासुद्धा साक्ष देते. स्वाहिलीत ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘बिमा’ म्हणजे विमा, ‘हुंडी’ म्हणजे हुंडी आणि ‘लाकी’ म्हणजे लाख. आपण तेथे कोणत्या कामाने गेलो होतो, ते या शब्दांवरून कळते.

याच बागामोयोत १८५१ साली सेवा हाजी परू नावाचा इस्माइली गृहस्थ जन्मला. काफिल्यांना हमाल आणि माल पुरवून त्याने अमाप पैसा मिळवला. पुढे त्याने तो इस्पितळांसाठी दिला आणि सर्व वंशांच्या मुलांना प्रवेश मिळावा या अटीवर शाळेसाठी इमारत दिली. दारेसलामच्या मोठ्या इस्पितळातील एक विभाग आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. धन कुठून आले आणि कुठे गेले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाच्या चरित्रात सापडतात.

आता अशा ठिकाणी आपण काय म्हणावे? एक सोपे उत्तर जिभेवर तयार असते: ते कच्छी, गुजराती व्यापारी; आम्ही वसईचे शेतकरी आणि मच्छीमार, आमचा त्यांच्याशी काय संबंध? वस्तुस्थिती म्हणून हे खरेही आहे. शिवाय बापाच्या पापासाठी मुलाला शिक्षा नाही, ज्याचे पाप त्याच्याच माथी, असे यहेज्केल संदेष्ट्याने निःसंदिग्धपणे शिकवले आहे. दोष हा वैयक्तिक असतो. तो शेतजमिनीसारखा वारसाहक्काने येत नाही.

परंतु दोष आणि उत्तरदायित्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलांनी काढलेल्या कर्जाबद्दल मुलगा गुन्हेगार ठरत नाही. पण त्या कर्जातून बांधलेल्या घरात तो राहत असेल, तर सावकाराची पोरे दारात आल्यावर ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ असे त्याला म्हणता येत नाही. आणि वसईकरांनी तर जरा जपूनच बोलावे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. वसई, चौल, दमण, गोवा येथील पोर्तुगीजांच्या घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. ते घरमालक रविवारी मिस्साला जात होते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात आजही सिद्दी लोक राहतात आणि त्यांच्यातील काही कॅथलिक आहेत. त्यांच्यातील अनेकांचे पूर्वज गोव्यातील गुलामगिरीतून पळून गेलेले, असे मानले जाते. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर आपल्या दख्खनचा थोर मुत्सद्दी झाला, हे आपण शाळेत कौतुकाने शिकतो. तो विकला कसा गेला, हे विचारायचे मात्र राहून जाते. आफ्रिका आपल्यापासून समुद्राइतकी दूर कधीच नव्हती. मुंबई-वसईकडे दिसणाऱ्या गोरखचिंचेचे मूळही त्याच खंडातले आहे.

ख्रिस्तसभेने या उत्तरदायित्वाचा मार्ग आपल्याला दाखवला आहे. पोप सोळावे ग्रेगरी यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. तो निषेध शतकानुशतके उशिरा आला, हेही मान्य केले पाहिजे. २२ फेब्रुवारी १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे सेनेगलमधील गोरे बेटावर गेले. बंदिवानांना जहाजात चढवण्यापूर्वी जेथे कोंडून ठेवीत, असे मानले जाते, त्या घरात ते उभे राहिले आणि या व्यापारात भाग घेतलेल्या ख्रिस्ती लोकांच्या वतीने त्यांनी क्षमा मागितली. त्यांनी स्वतः कुणाला विकले नव्हते. ती भेटही थोड्या वेळाचीच होती. पण ते तेथे प्रेक्षक म्हणून उभे राहिले नाहीत; ज्यांचे नाव ते चालवीत होते त्या समाजाचा हिशेब त्यांनी स्वतःच्या तोंडून वाचून दाखवला. पाहण्याला नैतिक अर्थ कसा येतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

बागामोयोच्या मिशनमध्ये जुन्या ख्रिस्तमंदिराचा एक बुरूज आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश प्रवासी १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबो यांच्या गावी मरण पावला. त्याच्या आफ्रिकी सेवकांनी त्याचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले, देह उन्हात वाळवला आणि तो खांद्यावर घेऊन कित्येक महिने चालत, दीड हजारांहून अधिक किलोमीटर तुडवत ते फेब्रुवारी १८७४ मध्ये येथे पोहोचले. प्रॉटेस्टंट प्रवाशाचा देह कॅथलिक मिशनने रात्रभर आपल्या छताखाली ठेवून घेतला. तेथून तो समुद्रमार्गे लंडनला गेला. वाटाडे ही गोष्ट लिव्हिंग्स्टनची म्हणून सांगतात.

पण देह वाहणारे कोण होते? त्यांच्यातील चुमा हा काही काळ मुंबईत, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला होता. आणि मृतासाठी प्रार्थना वाचणारा, झाडावर त्याचे नाव कोरणारा, पुढे वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावून चालणारा जेकब वेनराइट हा आपल्या नाशिकचा विद्यार्थी होता. याओ जमातीच्या या मुलाला गुलाम म्हणून नेत असताना ब्रिटिश जहाजाने सोडवले आणि नाशिकला आणले. अशा मुलांसाठी तेथे इंग्लिश मिशनऱ्यांनी आश्रमशाळा चालवली होती. त्या वस्तीचे नाव शरणपूर. जी मुले गोदावरीकाठी अक्षर शिकली, त्यांच्यातील कितीतरी पुढे आफ्रिकेला परतली. बागामोयोच्या त्या बुरुजाखाली उभे राहिल्यावर कळते की, ज्याला आपण परक्यांचा इतिहास समजत होतो त्याचे एक पान नाशिकमध्ये लिहिले गेले आहे. जकातीचा मक्ताही आपल्या देशाचा आणि आसरा देणारी ती शाळाही आपल्याच मातीवरची. एक स्वीकारायचे आणि दुसरे नाकारायचे, हे बरोबर होणार नाही.

येथे कुणी रास्त आक्षेप घेईल. सहा दिवस राबलेल्या शिक्षकाने सुटीच्या दिवशी थोडी हवा खाऊ नये काय? प्रत्येक समुद्रकाठी जाऊन त्याने उसासे टाकावेत काय? मुळीच नाही. विश्रांती ही देवाची आज्ञा आहे. आमचे विद्यार्थी दुपारी वाळूवर मनसोक्त फुटबॉल खेळले. कोळ्यांच्या बाजारात ताजे तळलेले मासे आम्ही चवीने खाल्ले. तेथली गडबड, घासाघीस आणि बायकांचा दरारा पाहून मला आपल्या पाचूबंदरची आठवण झाली. बागामोयोत १९८१ पासून कलाशिक्षणाची मोठी संस्था आहे. ढोल, नृत्य आणि नाटक शिकायला देशभरातून मुले तेथे येतात. हे गाव जिवंत माणसांचे आहे. त्याला केवळ थडगे समजणे, तेथल्या हसणाऱ्या मुलांकडे फक्त पीडितांचे वंशज म्हणून पाहणे, हाही अन्यायच. आनंद आणि स्मरण एका दिवसात एकत्र नांदू शकतात. आपल्याकडे मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीत मेणबत्त्या लावून आल्यावर घरी सर्वांनी एकत्र जेवायला बसण्यात आपल्याला विसंगती वाटत नाही, तसेच हे आहे.

प्रभू येशूने सांगितलेल्या भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात एक बारकावा आहे. याजकाने जखमी माणसाला पाहिले. लेव्याने पाहिले. शोमरोन्यानेही पाहिले. तिघांच्याही बाबतीत पाहण्याचा उल्लेख आहे. तिघेही वाटसरू होते आणि कुणाच्याही नजरेत दोष नव्हता. फरक पडला तो पाहिल्यानंतर. पहिले दोघे बाजूने निघून गेले. तिसरा थांबला, त्याने खर्च केला आणि परत येण्याचा शब्द दिला. शोमरोनीसुद्धा त्या वाटेवर एक दिवसाचाच पाहुणा होता. त्याने त्या वाटेवरील चोरांविषयी, तिथल्या राज्यकारभाराविषयी काही मत दिले नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या कामाला निघून गेला. पण जाण्यापूर्वी त्याने त्या जखमी माणसाचे नाव स्वतःच्या हिशेबात घातले होते.

म्हणून परदेशी असलेल्या आपल्या मुलामुलींना, आणि तीर्थयात्रेच्या निमित्ताने दूरदेशी जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही, माझे काही सांगणे आहे. पाहायला जरूर जा. जाण्यापूर्वी त्या जागेविषयी दोन पाने तरी वाचा. तेथे पोहोचल्यावर ‘हे कुणी बांधले’ एवढेच विचारून थांबू नका. ‘दगड कुणी वाहिले आणि पैसा कुठून आला’ हेही विचारा. तेथल्या माणसाला आधी बोलू द्या. त्याची गोष्ट त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे अशा थाटात फोटोखाली ओळी लिहू नका. त्या गोष्टीत आपल्या देशाचे, आपल्या समाजाचे, आपल्या ख्रिस्तसभेचे नाव निघाले, तर लगेच हात झटकू नका आणि उगाच छातीही पिटू नका. ते नाव घरी घेऊन या आणि मुलांना सांगा. शिक्षक असाल तर सोमवारी वर्गात आणखी थोड्या नम्रतेने उभे राहा. ज्यांना आपण शिकवतो त्यांच्या पूर्वजांनी आपल्या पूर्वजांसाठी काय वाहिले, हे आता आपल्याला थोडेतरी ठाऊक झालेले असते.

आणि ज्यांना परदेशी जाणे घडणार नाही त्यांच्यासाठीही वाट मोकळी आहे. नाशिकमध्ये शरणपूर रोड हा आज गजबजलेला रस्ता आहे. दुकाने, बँका, वाहनांची गर्दी यांतून आपण कितीदा तरी गेलो असू. या नावात ‘शरण’ हा शब्द आहे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पळवलेल्या मुलांना त्या जागी खरोखरच आसरा मिळाला होता. त्यांना कुणी पळवले, कुणी विकत घेतले, कुणी सोडवले आणि आपल्या पूर्वजांनी त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा विचार करीत त्या रस्त्याने एकदा चालून यावे. वसईहून सकाळी निघाले तर नाशिकला जाऊन यायला एक दिवस पुरतो.